लाटव्हियाचे होटगीकर मास्तर

होटगीकर मास्तरांविषयी लिहायचे मी आजवर टाळत आलो. शाळेची स्मरणिका निघायची असली की कुणीतरी मागणी घेऊन येई, आणि मी कधी डोळ्यांचे, कधी तब्येतीचे निमित्त सांगून त्याला वाटेला लावी. या खेपेला स्मरणिकेचे काम बघणारा तरुण शिक्षक घरी आला. चहा घेता घेता म्हणाला, "सर, त्या लाटव्या मास्तरांवर लिहा की. लई गमतीदार माणूस होता म्हणतात." मग जरा पुढे वाकला, आवाज उतरवला आणि विचारले, "खरंच काही लाटलं होतं का हो त्यांनी?"

मास्तर गेले त्या वेळी या मुलाच्या वडिलांचेही लग्न झालेले नसेल. त्याने मास्तरांना पाहिलेले नाही, त्यांचे खरे आडनावही त्याला ठाऊक नव्हते. तो एक शब्द मात्र त्याच्यापर्यंत येऊन पोचला होता. त्याला मी "लिहितो" म्हणालो.

होटगीकर मास्तर आमच्या सोलापूरच्या हायस्कुलात भूगोल शिकवीत. सडसडीत बांधा, काळी टोपी, कोटाच्या वरच्या खिशात दोऱ्याचे रीळ. हा दोरा नकाशावर अंतर मोजायला. पण मास्तर त्याने गावांतली अंतरे फारशी मोजीत नसत, माणसांची नावे मोजीत. नवा माणूस भेटला की नमस्कार झाल्यावर त्यांचा पहिला प्रश्न असे, "आपलं नाव कुठवर चालतं?" माणूस गोंधळे. मग मास्तर त्याला समजावून सांगत. अमक्या पैलवानाचे नाव अक्कलकोटच्या वेशीपर्यंत जाते, पुढे कानडी मुलुखात त्याला दुसरा पैलवान आडवा येतो. चौकातल्या भजीवाल्याचे नाव वासाइतकेच लांब जाते, पण तेवढ्या टापूत ते कलेक्टरच्या नावाहून घट्ट असते. "कलेक्टरचं नाव हुद्द्याच्या खांद्यावर बसून फिरतं," मास्तर म्हणत, "बदली झाली की खाली पडतं. नावाला पाय नसतात. कुणीतरी उचलून नेतो, म्हणून ते चालतं."

हे वेड त्यांना लाटव्हियाने लावले होते. वाचनालयात इंग्रजी सचित्र साप्ताहिके येत. त्यातल्या एकात त्यांना एक फोटो दिसला. जाडसर बांध्याचा, साध्या कोटातला एक गृहस्थ गाईंच्या गोठ्यात उभा होता, आणि खाली लिहिले होते की हे लाटव्हियाचे मुख्य प्रधान. महायुद्धानंतर नव्याने स्वतंत्र झालेला एवढासा देश, आपल्या दोन-अडीच जिल्ह्यांइतकी माणसे, आणि त्यांचा प्रधान शेतकऱ्याचा मुलगा. मास्तर त्या फोटोसमोर किती वेळ बसले होते हे वाचनालयाचा शिपाई पुढे कितीतरी दिवस सांगत असे. त्या प्रधानाचे नाव मी इथे दिले असते, पण मला ते आठवत नाही. मास्तरांनी ते मला निदान शंभरदा ऐकवले असेल. आज हे कबूल करतानासुद्धा त्यांचा चेहरा पडलेला मला दिसतो.

दर वर्षी एकदा त्यांच्या वर्गात एक खेळ होई, आणि तो बघायला आम्ही शिक्षक दाराशी उभे राहत असू. मास्तर एकेक नाव घेत. ज्याला ते ठाऊक असेल त्याने हात वर करायचा, एवढाच नियम. पैलवानाला सगळे हात वर. ज्यांच्या सभेला गिरण्या ओस पडत त्या आपल्या थोर पुढाऱ्यालाही सगळे हात वर. मुंबईच्या गव्हर्नराला निम्मे. विलायतेच्या मुख्य प्रधानाला चार-दोन. आणि लाटव्हियाच्या प्रधानाला एकही नाही. मग मास्तर खिडकीची झडप लावून घेत, वर्गात अंधार करीत आणि म्हणत, "आता आपण लाटव्हियात बसलोय. बाहेर बर्फ पडतोय. पुन्हा सांगा. पैलवान?" मुले हसत हसत हात खाली ठेवत. "आपले थोर पुढारी?" इथे मुले बावरत. एकमेकांकडे बघत, आणि कसेबसे हात खालीच ठेवत. "लाटव्हियाचे प्रधान?" सगळा वर्ग हात वर करी. मास्तर झडप उघडत आणि विचारीत, "मग मोठा कोण?"

उत्तर ते कधीच सांगत नसत.

एकदा वळसंगच्या एका पोराने उभे राहून त्यांना सुनावले, "मास्तर, आमच्या वळसंगात तुमचं बी नाव न्हाय ठावं कुणाला." मास्तर इतके खूष झाले की तासभर त्याचीच तारीफ. "हा खरा भूगोल," ते म्हणाले. शिक्षकांच्या खोलीत मात्र त्यांची टिंगल चाले. ड्रॉइंगचे मास्तर म्हणाले, तुमच्या त्या गवळ्याला आपल्या पुण्याच्या पुढाऱ्यांशेजारी उभा करा, कोण विचारील त्याला? होटगीकर शांतपणे म्हणाले, "आणि पुण्याच्या पुढाऱ्यांना लाटव्हियाच्या राजधानीत, रीगाच्या बाजारात उभे करा. तिथला भाजीवाला विचारील, हे पागोटं केवढ्याला दिलं?"

मी त्या शाळेत हंगामी शिक्षक म्हणून लागलो तो मास्तरांच्या शब्दावर. गाव माढ्याकडचे, शहरात ओळख ना पाळख. मास्तरांनी आपल्या गल्लीतच मला खोली बघून दिली. सकाळी फिरायला निघाले की माझे दार ढकलून सरळ आत येत, "दत्तू, उठलास का रे" म्हणून पांघरूण ओढीत. रविवारचे जेवण त्यांच्याकडे. काकू कडक भाकरीवर शेंगांची चटणी आणि वर दही घालीत, आणि त्यांची एकुलती मुलगी अनू वाढायला असे. वर्गात पोरे माझे ऐकत नसत, तेव्हा कसे उभे राहायचे, कुठे थांबायचे, हे मास्तरांनी मला अशाच रविवारी शिकवले. शब्दही दिले. 'परदेश' म्हणायच्या ऐवजी ते 'परमुलूख' म्हणत. "परदेश म्हटलं की दार बंद होतं. मुलूख म्हटलं की चालत जाता येतं." मीही परमुलूख म्हणू लागलो. दुसरे कुणी म्हणत नसे.

माझ्या अंगात तेव्हा एकच कला होती, शेलापागोटे लिहिण्याची. आजच्या वाचकांना सांगायला हवे, की शाळेच्या संमेलनात शिक्षकांवर, विद्यार्थ्यांवर निनावी चिठ्ठ्या येत. दोन ओळींत कुणाची तरी फिरकी घेतलेली असे. त्या मोठ्याने वाचून दाखवीत, ज्याच्यावर असेल त्याने हसून घ्यायचे. लिहिणाऱ्याचे नाव विचारायचे नाही, असा संकेत. त्या वर्षी मी दोन लिहिली. एक हेडमास्तरांच्या छडीवर, आणि दुसरे हे :

कोण कुठला परमुलखाचा, त्याचे गोडवे गाती,
लाटव्हियाचे लाटव्या मास्तर, काय लाटुनी जाती?

उचलतो तो उचल्या, तसा लाटतो तो लाटव्या. एवढीच कोटी. हशा असा उसळला की वाचणाऱ्याला थांबावे लागले. मास्तर स्वतः डोळे पुसत हसत होते. वाटेत मला म्हणाले, "लिहिणाऱ्याचा कान चांगला आहे. आणि बघ, एका दिवसात लाटव्हिया साऱ्या शाळेला ठाऊक झाला. मला हे इतक्या वर्षांत जमलं नव्हतं." ते माझ्याकडे बघत होते. मी रस्त्याकडे बघत होतो. सांगणार होतो, पण त्याच संध्याकाळी हेडमास्तरांनी संकेत मोडून जाहीर केले होते, की छडीवरची चिठ्ठी एखाद्या शिक्षकाची असेल तर त्याने दुसरी शाळा बघावी. दोन्ही चिठ्ठ्यांची धाटणी एक होती. माझी नेमणूक कायम व्हायची होती ती दीड वर्षाने, जूनमध्ये. एक कबूल केली की दुसरी आपोआप कबूल होणार होती.

तो शब्द शाळेतून बाहेर पडायला वेळ लागला नाही. मुले घरी म्हणू लागली, घरचे बाजारात म्हणू लागले. वळसंगचा तो पोरगा सुट्टीहून परत आला आणि म्हणाला, "मास्तर, आता आमच्या गावात बी ठावं हाय तुमचं नाव. लाटव्या मास्तर." मास्तरांनी खिशातला दोरा काढून नकाशावर सोलापूर ते वळसंग अंतर मोजले आणि त्याला दाखवले. सगळे हसले. गावातल्या लोकांना लाटव्हिया कुठे ठाऊक होता? त्यांना लाटणे ठाऊक होते.

वर्षभराने अनूचे जमत आले. स्थळ बार्शीचे, मुलगा शिकलेला, घर अडत्यांचे. मुलगी पसंत पडली होती, बोलणीही होत आली होती. शेवटची चौकशी करायला मुलाचे मामा सोलापुरात आले. स्टेशनावर टांगा केला, होटगीकर मास्तरांचे घर म्हणाले, आणि टांगेवाल्याने विचारले की लाटव्या मास्तरांचं का? मामा घरी गेले नाहीत. मास्तरांनी आधीच त्यांना सांगून ठेवले होते, "शाळेत आमच्या दत्तूला काय हवं ते विचारा. तो घरचाच आहे." तेव्हा मधल्या सुट्टीत मामा शाळेत आले आणि मला हाक मारली.

आम्ही व्हरांड्यात उभे होतो. माझ्या पाठीशी हेडमास्तरांच्या खोलीचे दार होते आणि ते उघडे होते. मामांनी सरळ विचारले, "माणसाला लाटव्या का म्हणतात? काय लाटलं यांनी?"

मी म्हणालो, काही नाही, गंमत आहे, लाटव्हिया नावाचा एक देश आहे त्यावरून.

"असा देश मी तरी ऐकला नाही. गंमत कुणी केली?"

मी मागच्या उघड्या दाराकडे बघितले.

"मास्तर, मी धान्याच्या बाजारातला माणूस," मामा म्हणाले. "माल ज्याचा, त्याच्याच पोत्यात हात घालून बघतो. गंमत ज्यानं केली त्याचं नाव सांगा. त्यानं एकदा हो म्हटलं की माझं काम झालं. मी इथूनच साखरपुड्याचं ठरवून जातो."

त्यांनी इतके सोपे करून ठेवले होते. आत हेडमास्तरांची खुर्ची करकरली. मी म्हणालो, "कुणी केली ते मला ठाऊक नाही." आणि मग, ते वाक्य फारच उघडे पडले असे वाटून, मी पुढे जोडले, "लोक म्हणतात खरं."

मामा म्हणाले, "म्हणजे बोलतात सगळे, आणि बोलणारा कुणीच नाही. आमच्याकडं अशा मालाला हात लावत नाहीत." नमस्कार करून ते गेले.

पत्रिका जुळत नाही असा निरोप आला. मध्यस्थाने मास्तरांना खरे कारणही सांगितले, आणि ते कुणाच्या तोंडचे तेही. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारावर टकटक झाली. माझ्या दारावर तोवर कुणी टकटक केलेली नव्हती. बाहेर मास्तर उभे होते.

"दत्तोपंत, आत येऊ का?"

मी बाजूला झालो. ते आत आले नाहीत. उंबऱ्यापाशीच उभे राहून म्हणाले, "मामांनी आपल्याला काही विचारलं होतं?"

विचारलं होतं, मी म्हणालो.

"आपण काय सांगितलंत?"

चांगलंच सांगितलं, मी म्हणालो. आपल्यासारखा माणूस नाही असं सांगितलं.

मास्तरांनी मान हलवली. "बरं," म्हणाले, आणि जिना उतरून गेले. कुणी मला मुस्कटात मारली असती तर ती मी विसरलो असतो. ते 'दत्तोपंत' आणि ते 'आपण' मला आजही ऐकू येते. त्यानंतर त्यांनी मला पुन्हा कधी 'तू' म्हटले नाही. बोलणे बंद केले नाही, कुठे माझी निंदा केली नाही. शाळेत भेटले की आधी नमस्कार त्यांचा असे. रविवारी काकूंचे बोलावणे मात्र आले नाही.

जूनमध्ये मी कायम झालो.

बार्शीचे स्थळ का मोडले, हे गावाने आपल्या मनाने ठरवून टाकले. शब्द आधीच तयार होता, आता त्याला गोष्ट मिळाली. कुणी म्हणे वाचनालयातली पुस्तके लाटली, कुणी म्हणे देवळाच्या वर्गणीतले काही. वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर मास्तर बरीच वर्षे होते, पण पुढच्या निवडीत मंडळींनी त्यांचे नाव काढले नाही. मास्तरांनी वर्गातला तो खेळ बंद केला. मी एकदा त्यांच्या वर्गावरून जात होतो, आत युरोप चालू होता. "लाटव्हिया," मास्तर पुस्तकातून वाचत होते, "हा बाल्टिक समुद्रावरील एक लहान देश आहे." एवढेच. पान उलटले. खिडकीची झडप उघडीच होती.

अनूला पुढे माळशिरसच्या एका बिजवराला दिली. माणूस चांगला निघाला, असे ऐकले. पण ती लग्नाला उभी राहिली त्या दिवशी मी अक्षता टाकल्या आणि जेवणाच्या पंगतीला न बसता निघून आलो. काकू त्यानंतर फार दिवस राहिल्या नाहीत.

नोकरी संपली तेव्हा मास्तर सोलापूर सोडून मुलीकडे जायला निघाले. कुर्डुवाडीपर्यंत रेल्वे आणि पुढे मोटार. स्टेशनावर सोडायला मी न बोलावता गेलो. टांगा करीमभाईंचा होता. गल्लीतून बाहेर पडताच करीमभाई मागे वळून म्हणाले, "मास्तरसाब, अब सोलापूर में क्या रह्या? लाटव्या मास्तर बोले तो लाटसाब से बी बडा आदमी. मैं तो बार्शीवाले मामा कू बी ऐसाच बोल्या था, के लाटव्या मास्तर का घर कौन नै जानता."

मला तेव्हा कळले, की मामांना स्टेशनावर भेटलेला टांगेवाला हाच. त्याच्या लेखी तो शब्द लाटसाहेबावरून, म्हणजे गव्हर्नरावरून, आलेला होता. त्याने तो मोठ्या अभिमानाने उच्चारला होता.

मास्तर हसले. "बरोबर बोललात करीमभाई," म्हणाले. मग टांगा बाजारातून जात असताना, समोरच्या घोड्याकडे बघत, हळू आवाजात ते माझ्याशी बोलू लागले. "दत्तोपंत, शाळेत परमुलूख हा शब्द दोघंच वापरत होतो. एक मी, आणि दुसरा, ज्याला मी तो दिला. संमेलनाच्या दिवशीच मला कळलं. घरी जाऊन हिला म्हणालो, आपल्या दत्तूनं माझ्यावर कविता केली. हिनं शिरा केला होता त्या रात्री. आपल्याला बोलवावं म्हणत होती. मी म्हटलं नको, स्वतः सांगेल तेव्हा बोलवू."

मी मान खाली घातली.

"मामांना मीही सांगू शकलो असतो. पण मुलीच्या बापाचं कोण ऐकतं? साक्ष दुसऱ्याची लागते. मी तुमचं नाव दिलं, ते त्यासाठीच."

एकदाच ते 'तुमचं' म्हणाले. मला वाटले आता पुढचे पाऊल पडेल, ते 'तुझं' म्हणतील. ते पुन्हा घोड्याकडे बघू लागले. आता बोलायची पाळी माझी होती, आणि वाक्य माझ्यापाशी तयार होते. घरातून निघतानाच ते जुळवून आणले होते. पण समोर करीमभाई होते. मी बोललो असतो तर त्यांनाही कळले असते, की अभिमानाने उच्चारलेल्या आपल्या शब्दाने काय केले. त्यांना दुखवायचे नाही, असे मी स्वतःला सांगितले. तेव्हा ते कारण मला पुरले. स्टेशनावर मास्तर डब्यात बसले, मी त्यांचा तांब्या भरून आणला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि म्हणाले, "आपण तसदी घेतलीत."

काही वर्षांनी ते माळशिरसला वारले. मी गेलो नाही. अनू अंगणात उभी असेल आणि मला 'या' म्हणेल, ही भीती वाटली. पुढच्या महायुद्धात लाटव्हियाही बुडाला. माझ्या नातवाच्या नकाशात मी शोधला, त्या जागी आता रशियाचा रंग आहे. त्या प्रधानाचे नाव त्याच्या मुलखात आज कुणी उघड घेते की नाही, कोण जाणे. मास्तर असते तर दोरा काढून बसले असते. देश गेला, प्रधान गेला, पैलवान गेला, गव्हर्नर तर किती आले आणि गेले. माझ्या दोन ओळींतला एक शब्द तेवढा अजून सोलापुरात फिरतो आहे आणि माझ्याच घरी चहा पिता पिता मला विचारतो आहे, की काही लाटले होते का.

नाव उचलून नेणारा कुणीतरी असतो, हे मास्तरांनी मला शिकवले होते. त्यांचे मी नेले, आणि कुठे टाकून आलो ते सांगितले नाही.

त्यांच्या वर्गात एकच नियम होता. उत्तर ठाऊक असेल त्याने हात वर करायचा. टांग्यात माझ्यापाशी असलेले वाक्य असे होते : "मास्तर, 'होटगीकर मास्तरांनी काही लाटलं नाही, तो शब्द माझा आहे,' असं मी मामांना म्हणायला हवं होतं. मला क्षमा करा, आणि एकदा दत्तू म्हणा."